आशाताईच्या लेकीचं इंग्लंडमधलं बाळंतपण

माझी आई चोपडा तालुक्यातल्या एका गावात आशा आहे. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. खालच्या अंगाला केळीच्या बागा, वरच्या अंगाला पावरा आणि तडवी आदिवासींच्या वस्त्या. गावात कुणाला दिवस गेले की फार तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तिचं नाव आईच्या वहीत चढतं. ती बाई सांगायला येत नाही, आईच तिच्या दारात जाऊन उभी राहते. केसपेपर, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, १०२ ची गाडी हे शब्द आमच्या घरात मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकलेत.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे मी इंग्लंडला गेले. तिथे दिवस गेले आणि बाळंतपणही तिथल्या सरकारी व्यवस्थेत झालं. आता लेकीला घेऊन माहेरी आलेय, तर ओसरीवर बसलं की कुणी ना कुणी विचारतंच. कुणाची मुलगी नर्स म्हणून निघालीय, कुणाची सून नवऱ्याच्या मागे चाललीय. प्रश्न एकच असतो, तिथे दवाखान्याचं कसं गं? प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं नीट लिहावं म्हणून हे लिहितेय.

सुरुवात होते ती विमानात बसण्याच्या कितीतरी आधी. सहा महिन्यांहून जास्त काळाचा व्हिसा हवा असेल तर भारतीयांना क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते, तीही त्यांनी ठरवून दिलेल्या क्लिनिकमध्येच. आम्ही त्यासाठी मुंबईला गेलो. छातीचा एक्स-रे काढला, प्रमाणपत्र मिळालं. मग अर्जासोबत भरायचा आरोग्य अधिभार. मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पौंड, विद्यार्थी आणि अठराच्या आतल्या मुलांना ७७६ पौंड. २०२४ च्या फेब्रुवारीत हे दर वाढले, त्याआधी मोठ्यांना ६२४ होते. आणि ही रक्कम दर वर्षी थोडी थोडी भरता येत नाही. व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांचे पैसे एकदम. आमचा दोघांचा तीन वर्षांचा हिशोब ६२१० पौंडांवर गेला, म्हणजे साडेसहा लाख रुपयांच्या पुढे. सासऱ्यांनी कापसाचे पैसे त्यात घातले, म्हणून जमलं. नर्स किंवा आरोग्यसेवेतल्या इतर कामांसाठी जो वेगळा व्हिसा असतो त्यावर जाणाऱ्यांना, आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या नवरा-बायको-मुलांना, हा अधिभार माफ आहे. ज्यांच्या मुली नर्स म्हणून चालल्यात त्यांनी हे लक्षात ठेवावं. एजंट या नावाखाली पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणावं.

हे पैसे भरल्यावर तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, आपल्याला तिथल्या रहिवाशासारखीच वागणूक मिळते. ही सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. महायुद्धात खंक झालेल्या देशाने ती सुरू केली, याचं मला अजून अप्रूप वाटतं. खर्च मुख्यतः करांतून भागतो. डॉक्टरला दाखवायला पैसे नाहीत, इस्पितळात भरती व्हायला पैसे नाहीत, बाळंतपणाला पैसे नाहीत. इंग्लंडमध्ये औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीला ठरावीक शुल्क आहे, मी होते तेव्हा ९ पौंड ९० पेन्स. दात आणि डोळे यांचा हिशोब वेगळा. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये औषधंही मोफत आहेत.

पण पैसे भरले म्हणजे आपली नोंद झाली असं मुळीच नाही. मला सगळ्यात ठासून सांगायचंय ते हेच. आपल्याकडे आशाताई शोधत येते. तिथे आपण आलोय हे आपणच जाऊन सांगावं लागतं, आणि एकदा सांगितलं की मग मात्र ते तुम्हाला सोडत नाहीत.

सांगायचं जीपीला. जीपी म्हणजे आपल्या वस्तीचा सरकारी व्यवस्थेतला डॉक्टर. त्याच्या सर्जरीत नाव नोंदवायचं. सर्जरी म्हणजे ऑपरेशन नव्हे, डॉक्टरच्या दवाखान्यालाच तसं म्हणतात. नाव नोंदवलं की दहा आकडी एनएचएस क्रमांक मिळतो, आणि पुढे प्रत्येक तपासणी, प्रत्येक सोनोग्राफी त्या क्रमांकावर चढते. आजारी पडल्यावर नोंदवू असं ठेवू नका. आम्ही गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात नोंदवायला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पत्त्याचा पुरावा मागितला. माझ्या नावाचा पुरावा कुठून असणार? घराचा करार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल घरमालकाच्या नावावर. बिल आणा, मगच नोंद होईल, असं त्यांनी सांगितलं आणि मी परत आले.

संध्याकाळी आईचा फोन. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "नियम काय आहे ते आधी वाच. खिडकीवरचा माणूस सांगतो तो नियम नसतो." आधार कार्ड नाही म्हणून परत पाठवलेल्या किती बायकांना हात धरून तिने परत आत नेलंय, ते मी पाहिलेलं आहे. मी एनएचएसच्या संकेतस्थळावर शोधलं. तिथे स्पष्ट लिहिलंय: जीपीकडे नोंद करायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र लागत नाही, आणि कागद नाहीत एवढ्या कारणावरून नोंद नाकारता येत नाही. ते पान मोबाइलवर उघडून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. बाईंनी वाचलं, आत जाऊन कुणाला तरी विचारलं, आणि फॉर्म पुढे सरकवला. आवाज चढवावा लागला नाही. आता बऱ्याच ठिकाणी हा फॉर्म ऑनलाइनही भरता येतो.

जीपीची वेळ मिळवणं हे निराळंच काम. सकाळी आठला फोन सुरू होतात आणि सगळं गाव एकाच वेळी फोन लावत असतं. साध्या दुखण्याला औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टच बघतो. २०२४ पासून घसादुखी, कानदुखी, किड्याचा चावा अशा सात दुखण्यांवर तो स्वतः औषध देऊ शकतो. रात्री-बेरात्री काय करावं कळत नसेल तर १११ ला फोन करायचा, जिवावरचं असेल तर ९९९. आपली १०८ डोक्यात पक्की बसलेली असते, म्हणून हे दोन आकडे मी स्वयंपाकघरात भिंतीवर लिहून ठेवले होते.

पाळी चुकली आणि घरच्या तपासणीत दोन रेघा आल्या तेव्हा मी जीपीला फोन लावायच्या तयारीत होते. शेजारच्या गुजराती काकींनी थांबवलं. म्हणाल्या, मिडवाइफकडे, म्हणजे गरोदरपण आणि बाळंतपण बघणाऱ्या प्रशिक्षित सुईणीकडे, थेट नाव देता येतं. खरंच, आमच्या भागातल्या इस्पितळाच्या संकेतस्थळावर फॉर्म होता. शेवटच्या पाळीची तारीख, आधीचे आजार, घरात कुणाला मधुमेह आहे का, एवढं भरलं, आणि पुढच्या भेटीची तारीख मोबाइलवर आली. दहाव्या आठवड्याच्या आत ही पहिली भेट व्हावी असा त्यांचा दंडक आहे. आपल्याकडेही बारा आठवड्यांच्या आत नोंद झाली पाहिजे म्हणून आई गल्लोगल्ली फिरत असते. तिने लगेच माझं नाव तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं. सरकारी रजिस्टरात नाही, तिच्या स्वतःच्या वहीत. पुढचे सगळे महिने माझं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन ती फोनवर विचारून तिथे उतरवत राहिली.

पहिली भेट तासाभराहून जास्त चालली. मिडवाइफ वयाने आईएवढी होती. दुभाषी हवा का, मोफत मिळेल, हे तिने आधीच विचारलं. माझं इंग्रजी वाचायला बरं, पण तिथल्या बोलीचा वेग मला झेपत नव्हता. मी हो म्हटलं. फोनवर मराठी बोलणाऱ्या एक बाई आल्या आणि मला एकदम मोकळं वाटलं. आपल्या भाषेत बोलायची सोय असते तरी लोक इंग्रजीच रेटतात, लाज वाटते म्हणून. तब्येतीच्या गोष्टीत लाज धरू नये. नवरा आहेच की भाषांतराला, असंही म्हणू नये. त्याचं कारण पुढे आलंच. मिडवाइफने नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, घरात तुला सुरक्षित वाटतं का, कुणी मारतं का, कुणाची भीती वाटते का. हा प्रश्न तिथे प्रत्येक गरोदर बाईला एकटीला विचारतात. मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. पण आईच्या मागे मागे फिरताना मी ज्या घरांमध्ये गेले होते, त्यांतल्या दोन-तीन बायका मला तेव्हा डोळ्यांसमोर दिसल्या. त्यांना हे कुणी बंद दाराआड विचारलं असतं तर!

नवरा-बायकोचं आधीचं नातं आहे का, म्हणजे मामाचा मुलगा-आत्याची मुलगी असं लग्न आहे का, हेही विचारलं. दोघांची मुळं कुठली ते विचारून सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी केली. आईला हे सांगितलं तर तिला कोण आनंद झाला. आमच्याकडे वरच्या वस्त्यांमध्ये सिकलसेलचे रुग्ण आहेत. २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, तेव्हापासून पाड्यांवर तपासणीला लोकांना गोळा करणं हे तिच्या कामातलं मोठं काम. ती म्हणाली, "पाहिलंस? इथे बाया म्हणतात, आमचंच रक्त का तपासता. आता सांगेन, माझ्या पोरीचं इंग्लंडात तपासलं."

त्याच भेटीत मिडवाइफने मातृत्व सवलतीच्या प्रमाणपत्राचा अर्ज भरून दिला. या प्रमाणपत्रावर गरोदरपणात आणि बाळाच्या जन्मानंतर वर्षभर औषधं मोफत मिळतात, सरकारी दंतवैद्याचे उपचारही. अर्ज आठवणीने करून घ्या. प्रमाणपत्र नसताना चिठ्ठीच्या मागे मोफतच्या चौकटीत खूण केली तर नंतर दंडाची नोटीस येऊ शकते.

बाराव्या आठवड्याला पहिली सोनोग्राफी झाली, विसाव्याला दुसरी. दुसरीच्या वेळी बाळाचं हृदय, पाठीचा कणा, मूत्रपिंडं सगळं बघून झाल्यावर सोनोग्राफी करणाऱ्या मुलीने सहज विचारलं, मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचंय का?

मला घाम फुटला. जळगावात, चोपड्यात सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर गर्भलिंगनिदान केलं जात नाही असा फलक असतो. १९९४ चा कायदा, तो मोडला तर डॉक्टरला तुरुंग. आईने त्या कायद्याच्या बैठकांना बायका गोळा केल्यात, त्यावरून घरोघरी बोलणी खाल्लीत. आणि इथे ही मुलगी हवामान विचारावं तसं विचारते. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. आमचं आधी काही ठरलेलं नव्हतं. मी म्हटलं, नको. बाळ नीट आहे ना, बस्स. त्या संध्याकाळी गावाकडून फोन आले, तिकडे तर सांगतात ना, काय सांगितलं? आम्ही विचारलंच नाही असं सांगितल्यावर कुणाचा विश्वास बसेना. तिथे सांगण्यावर बंदी नाही. पण आपल्या भागातून जाणाऱ्या मुलींना मी कळकळीने सांगते, विचारायचं की नाही ते दोघांनी आधी ठरवा, आणि विचारलंत तरी ते उत्तर बाळ हातात येईपर्यंत गावाकडच्या फोनवर जाऊ देऊ नका.

आता साखरेचं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या मुलींना हे होण्याची शक्यता जास्त असते.

आई-वडील दक्षिण आशियातले असतील तर गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात करून घ्यायला सांगतात. रात्रीपासून उपाशी जायचं, रक्त द्यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं, दोन तास तिथेच बसायचं, पुन्हा रक्त. तिथल्या मोजमापात आकडा उपाशीपोटी ५.६ ला किंवा दोन तासांनी ७.८ ला पोचला की मधुमेह धरतात. माझा दोन तासांनंतरचा आकडा ८.४ आला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आठ? आठ साखर असलेलं माणूस बोलतं तरी का?" मग कळलं, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये मोजतात, तिथे मिलिमोलमध्ये. तिथला आकडा अठराने गुणला की आपला आकडा येतो. ८.४ म्हणजे १५१. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात हीच ७५ ग्रॅमची तपासणी होते, उपाशी असायची अटही नसते, आणि १४० ला रेघ मारलेली आहे. ७.८ गुणिले अठरा केलं की तेच १४० येतात. आईने दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि मग ती गप्प झाली. आमच्या आजीचा पाय साखरेने गेला होता.

त्यानंतर ती व्यवस्था कशी कामाला लागते ते मी पाहिलं. त्याच आठवड्यात साखर मोजायचं यंत्र, पट्ट्या, सुया, सगळं मोफत हातात आलं. दिवसातून चारदा बोटाला टोचायचं, सकाळी उपाशी ५.३ च्या खाली आणि जेवल्यानंतर तासाने ७.८ च्या खाली ठेवायचं. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या पत्रकात चपाती होती, भात होता, पण भाकरी नव्हती. मी विचारलं, बाजरी चालेल? ज्वारी? कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली? त्यांनी वही काढली आणि मला सांगायला लावलं, पीठ किती, भाकरी केवढी, सोबत काय खातेस. मग म्हणाल्या, तूच मोजून मला सांग. मी मोजलं. दोन चपात्यांनी आकडा वर जायचा. कळण्याची एक भाकरी, वांग्याचं भरीत आणि दही-काकडी घेतली तर तो हद्दीत राहायचा. गुजराती दुकानात ज्वारी आणि बाजरीचं पीठ मिळतं, उडीद मी घरी मिक्सरवर भरड काढायचे. जेवल्यावर वीस मिनिटं चालून आलं तर आकडा आणखी खाली येतो, हेही तिथेच कळलं. माझं सगळं आहारावरच निभावलं. नाही निभावलं तर ते मेटफॉर्मिनच्या गोळ्या देतात, गरज पडली तर इन्सुलिन, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही असं त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या.

आईने गावात पुढच्या बैठकीत कळण्याच्या भाकरीचं सांगितलं. गहू म्हणजे श्रीमंती असं आपल्याकडे धरलं गेलं आणि भाकरी मागे पडली, याचं तिला फार वाईट वाटतं.

मधुमेह असला की बाळाच्या वाढीवर जास्त लक्ष ठेवतात, अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी. शेवटच्या महिन्यात मिडवाइफने मला छोट्या सिरिंज दिल्या. बाळंत व्हायच्या आधीच चीक हाताने काढून त्यात भरायचा आणि फ्रीझरमध्ये ठेवायचा, म्हणजे जन्मल्यावर बाळाची साखर खाली गेली तर आईचंच दूध देता येतं. चीक टाकून देऊ नका, बाळाला मध चाटवू नका, हे माझ्या आईने उंबऱ्याउंबऱ्यावर सांगितलंय. सिरिंजची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "थेंब न् थेंब जपून ठेवतात? असंच पाहिजे."

आईने तिकडे यावं असं मला फार वाटत होतं. यायचं ठरलंही होतं. त्या निमित्ताने जे कळलं ते सांगते, कारण बाळंतपणाला आई किंवा सासू जाणं आपल्याकडे ठरलेलंच असतं. भेटीच्या व्हिसावर येणाऱ्यांना तो आरोग्य अधिभार भरता येत नाही. त्यांना अपघात विभागात बघतात त्याचे पैसे घेत नाहीत, पण तिथून भरती केलं तर बिल लागतं, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. म्हणून रक्तदाब-साखरेच्या औषधांचा तीन-चार महिन्यांचा साठा सोबत हवा, डॉक्टरची चिठ्ठी हवी आणि जुनी दुखणी धरून केलेला प्रवास विमा हवा. आई शेवटी आली नाही. तिच्या हद्दीत त्या महिन्यात पाच बायका दिवस भरत आलेल्या होत्या, त्यांतली एक वरच्या पाड्यावरची, जिथे पावसात गाडी जात नाही. "तुझ्याभोवती तिथे सगळे आहेत. तिला कोण आहे?" एवढंच ती म्हणाली. मी रडले, पण तिला चूक म्हणवेना.

कळा सुरू झाल्या त्या रात्री. तिथे पहिल्या कळेला इस्पितळात घेत नाहीत. दिलेल्या क्रमांकावर फोन करायचा, तिथल्या मिडवाइफ कळांमधलं अंतर विचारतात, फोनवर बोलताना तुमचा श्वास कसा चाललाय तेही ऐकतात, आणि दहा मिनिटांत तीन कळा येईपर्यंत घरीच थांबा, गरम पाण्याने अंघोळ करा असं सांगतात. आपल्याला वाटतं हाकलून देताहेत. तसं नसतं, पण त्या घरी काढलेल्या तासांची तयारी मनाने ठेवावी. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही, लगेच बोलावून घेतात.

बाळंतपण मिडवाइफनेच केलं. डॉक्टरीणबाई एकदा येऊन बघून गेल्या. नवरा पूर्ण वेळ खोलीत होता, माझा हात धरून. आमच्या इकडच्या प्रसूतिकक्षात पुरुषाला प्रवेश नाही, त्यामुळे सासूबाईंना ते अजून पटत नाही. मला विचाराल तर त्याने ते बघितलं हे फार बरं झालं. वेदनेसाठी नळीतून ओढायचा वायू दिला, पाठीतलं इंजेक्शन हवं का ते विचारलं. प्रत्येक गोष्ट करण्याआधी विचारत होते. इंजेक्शन देऊ का, हात लावू का, बाळाला व्हिटॅमिन के देऊ का. पहाटे मुलगी झाली. चोपड्यात तेव्हा उजाडून वर आलं होतं आणि आई फोन हातात घेऊन अंगणवाडीच्या पायरीवर बसली होती.

माझ्या साखरेमुळे बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तिची साखर पाहत राहिले. साठवलेला चीक कामी आला. एक दिवस ठेवून घरी सोडलं. निघताना नवरा सवयीने काउंटर शोधत होता. बिल नव्हतं. कुठे सहीसुद्धा नव्हती. हातात लाल मुखपृष्ठाची एक वही दिली, बाळाचं वजन, लसी, वाढ सगळं नोंदवायला. आपल्या माता-बाल संरक्षण कार्डासारखीच, फक्त जाड.

घरी आल्यावर मिडवाइफ दुसऱ्याच दिवशी दारात आली. पाचव्या दिवशी पुन्हा, बाळाच्या टाचेतले रक्ताचे थेंब कार्डावर घ्यायला. दोन आठवड्यांच्या सुमारास हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान बाळांना घरी बघायला येणारी नर्स. आई व्हिडिओवर होती. आपल्याकडेही आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, वजन करते, नाळ बघते, ताप बघते. आई बारीक लक्ष देऊन बघत होती आणि मला मराठीत सांगत होती, "तिला म्हण, काटा आधी शून्यावर आहे का बघ." हेल्थ व्हिजिटरला सांगितलं की माझी आईही हेच काम करते. ती फोनजवळ येऊन बसली. दोघींनी एकमेकींना किती बाळं बघावी लागतात ते विचारलं. आईने ते सांगितल्यावर, आणि ती सगळं पायी फिरून करते हे कळल्यावर, त्या बाई थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला होता. त्या दिवशीही गावात कुणी आईला असं शांतपणे तिच्या कामाबद्दल विचारलं नव्हतं.

त्याच बाईंनी मला विचारलं, गेल्या महिनाभरात उदास, निराश वाटलं का? कशात मन लागत नाही असं झालं का? नोव्हेंबर होता, चारलाच अंधार पडायचा. मी हो म्हटलं. माझ्यासोबत बसून बोलायला त्या काही आठवडे जास्तीच्या आल्या, आणि समुपदेशनासाठी स्वतःच नाव कसं द्यायचं तेही दाखवलं. बाळंतिणीने तिथे हे सांगितलं तर बाळ काढून घेतात, अशी भीती आपल्या बायकांमध्ये कुणीतरी पसरवून ठेवलीय. माझ्या बाबतीत तसं काहीही झालं नाही, मदतच मिळाली. सांगा, लपवू नका.

बाळाला बीसीजी मिळाली. ही क्षयरोगावरची लस तिथे सगळ्यांना देत नाहीत, धोका जास्त असलेल्या बाळांनाच देतात, जसं की आई-वडील किंवा आजी-आजोबा क्षयरोग जास्त असलेल्या देशात जन्मलेले असतील तर. आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्याच्या लसी जीपीकडे झाल्या. बाळासाठीही वेळेत व्हिसाचा अर्ज करा, कारण तिथे जन्मलं म्हणून ते तिथलं नागरिक होत नाही, आणि आपण अधिभार भरलेला असला तरी बाळाला पहिले तीन महिनेच त्याचा आधार असतो.

आता इथलं. लेक नऊ महिन्यांची होताना आम्ही माहेरी आलो. भारतात गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, तिथे वर्षाची झाल्यावर. थांबायचं की इथे द्यायची? आईने स्वतःची नात म्हणून काही ठरवलं नाही. लसीकरण सत्राच्या दिवशी आम्ही इतर बायांसोबत रांगेत बसलो. सिस्टरने ती लाल वही उघडली, एकेक ओळ लावून पाहिली. तिथली सहा रोगांवरची एकच लस म्हणजे आपली पाच रोगांवरची पेंटाव्हॅलेंट आणि पोलिओचं इंजेक्शन एकत्र, हे तिने पटकन जुळवलं. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आपल्याकडे गोवर आहे, मूल इथे महिनाभर राहणार आहे, तर द्या. वर्षाच्या आत दिलेला डोस तिथे धरत नाहीत, त्यामुळे परत गेल्यावर तिथलाही घ्यावा लागेल. त्याने अपाय काही नाही. सिस्टरने लस दिली, व्हिटॅमिन एचा पहिला डोस पाजला, आणि लाल वहीत बॅच नंबरासकट नोंद करून शिक्का मारला. आमच्या उपकेंद्राचा शिक्का.

मग सिस्टरने मला विचारलं, "तुमची साखर नंतर पाहिली का?" गरोदरपणातला मधुमेह बाळंतपणानंतर गेला तरी पुढे कायमचा होण्याचा धोका राहतो, म्हणून तिथे सहा ते तेरा आठवड्यांत एकदा आणि नंतर दर वर्षी तपासायला सांगतात. पहिली झाली होती आणि ठीक आली होती. वर्षाची अजून व्हायची होती. ती म्हणाली, उद्या उपाशी या, इथेच करू. दुसऱ्या दिवशी केली, ९२ आली. आईने वही काढली, आकडा अठराने भागला आणि तिकडच्या फाइलसाठी मला कागदावर लिहून दिला, ५.१. खाली तारीख घातली, आणि मग शेजारी बसलेल्या सातव्या महिन्यातल्या पोरीकडे वळून विचारलं, "तुझी झाली का गं?"